लघुपटकार आणि नटांचा स्थानिक गट कसा उभारावा : कोल्हापूरसारख्या शहरासाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. त्या कंपनीत तयार झालेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्या साथीने १९२९ मध्ये याच शहरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली आणि १९६० मध्ये तिच्याच स्टुडिओच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले. या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्या कंपन्यांमध्ये पडदे रंगवणारा, नट, कॅमेऱ्यामागचा माणूस आणि फिल्म धुणारा हे सगळे एकाच आवारात एकमेकांचे काम पाहत शिकले. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे, संकलनाचे सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर चालते, पण ते आवार राहिलेले नाही. एकांकिका गाजवणारी नटी, लग्नाचे व्हिडिओ करणारा कॅमेरामन, जाहिराती कापणारा संकलक आणि कथा लिहून ठेवणारा महाविद्यालयीन मुलगा एकाच शहरात राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. त्यांना नुसते एकत्र बसवून भागत नाही. ठरलेल्या मुदतीत काहीतरी पूर्ण करून दाखवायचे, ही शिस्त ज्या गटात असते तो टिकतो. केवळ ओळखी करून देणारा गट चार-सहा बैठकांत विरतो. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती केली आहे.

पहिली आठ माणसे

सुरुवात मोठ्या मेळाव्याने करू नये. मेळाव्याला गर्दी होते, फोटो निघतात, फोन क्रमांकांची देवाणघेवाण होते आणि पुढच्या महिन्यात कोणीही येत नाही. आधी सात-आठ माणसे निवडावीत आणि ती निवडताना कामांची विभागणी पाहावी : दोन लेखक, दोन किंवा तीन नट, एक कॅमेरा हाताळणारा, एक संकलक आणि एक ध्वनीचे काम जाणणारा. दिग्दर्शक व्हायची इच्छा असलेली माणसे न शोधताही मिळतात. खरी टंचाई असते ती ध्वनीच्या माणसाची. त्याला भजन-अभंगांचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या छोट्या स्टुडिओत किंवा ऑर्केस्ट्राच्या साउंड सिस्टिमवर काम करणाऱ्यांमध्ये शोधावे. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांना कमी लेखण्याची चूक बहुतेक हौशी मंडळी करतात. रीटेकची सोय नसलेल्या समारंभात, मिळेल त्या प्रकाशात सलग आठ-दहा तास चित्रण करण्याचा सराव त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाकडे नसतो. नटांसाठी हौशी नाट्यमंडळे आणि महाविद्यालयांचे एकांकिका संघ हे सर्वांत जवळचे ठिकाण आहे. ‘पुरुषोत्तम’ करंडक, राज्य नाट्य स्पर्धा यांसाठी तालमी करणाऱ्या मुला-मुलींना वेळेवर येण्याची आणि पाठांतराची सवय लागलेली असते, आणि गटाला पहिल्या वर्षी तिचाच सर्वाधिक उपयोग होतो.

पहिल्या बैठकीत प्रत्येकाकडून एक कागद भरून घ्यावा. त्यावर तीनच गोष्टी असाव्यात : कोणते काम येते, कोणते शिकायचे आहे आणि आठवड्यातले कोणते दिवस मोकळे असतात. नटांकडून, विशेषतः मुलींकडून, फोटो आणि वैयक्तिक माहिती सामाईक व्हॉट्सॲप गटावर मागवू नये. ती एका जबाबदार व्यक्तीकडे राहावी आणि सदस्याला विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नये.

जागा, दिवस आणि पैसा

शाळेचे सभागृह, वाचनालयाची वरची खोली किंवा एखाद्या नाट्यमंडळाची तालमीची जागा पुरेशी होते. जागा ठरवताना खिडक्या झाकून अंधार करता येतो का, पंखे बंद ठेवले तर तासभर बसवते का, प्लग किती आहेत आणि स्त्रियांसाठी वापरण्याजोगे स्वच्छतागृह आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. पत्र्याच्या छपराखालची जागा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या पावसात तिथे एकही संवाद ध्वनिमुद्रित होणार नाही. दिवस कायमचा ठरवून टाकावा, उदाहरणार्थ महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी ३ ते ६. कागल, इचलकरंजी, गडहिंग्लजहून येणाऱ्यांना एसटीने वेळेत परतता आले पाहिजे. संध्याकाळी उशिरा संपणाऱ्या बैठकींतून सर्वांत आधी मुली गळतात आणि मग गट केवळ पुरुषांचा होऊन बसतो.

वर्गणी ठेवावी, मात्र ती माफक असावी. २५ सदस्यांनी महिन्याला २०० रुपये दिले तर ५,००० रुपये जमतात. त्यात सभागृहाचे भाडे, चहा आणि बाहेरून येणाऱ्या मार्गदर्शकाचा प्रवासखर्च भागवता येतो. जमाखर्च दर बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. या पैशातून कोणाही एकाच्या चित्रपटाला मदत करू नये. तो सर्वांच्या शिकण्याचा निधी आहे आणि एकदा अपवाद केला की दुसऱ्याला नाही म्हणणे अवघड होते.

तीन महिन्यांचे आवर्तन

गटाच्या कामाची एक ठरलेली फेरी असावी आणि ती तीन महिन्यांची असावी, असे माझे ठाम मत आहे. पहिल्या महिन्यात संहितांचे वाचन, दुसऱ्या महिन्यात कार्यशाळा आणि चाचणी-चित्रण, तिसऱ्या महिन्यात दोन दिवसांचे प्रत्यक्ष चित्रण. पुढच्या फेरीच्या पहिल्या बैठकीची सुरुवात तयार लघुपट दाखवून करावी. वर्षाकाठी अशा चार फेऱ्या मोजता येतात, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांमुळे नट हाताला लागत नाहीत, म्हणून तीन फेऱ्यांचेच नियोजन करावे. उरलेल्या काळात चित्रपट पाहणे आणि त्यांवर बोलणे चालू ठेवावे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या नावाची फिल्म सोसायटी आहे. तिच्या खेळांना सदस्यांनी जाऊन बसावे, तेच काम आपण वेगळे करण्याची आवश्यकता नाही.

वाचनासाठी पाच ते सात पानांची संहिता मागवावी. ती लेखकाने वाचू नये, नटांनी वाचावी. लेखकाने त्या वेळी गप्प राहून कुठे वाचणारा अडखळतो, कुठे ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू होते, याची नोंद घ्यावी. चर्चेचा क्रम पक्का ठेवावा. आधी प्रत्येकाने आपल्याला काय घडले असे समजले ते दोन वाक्यांत सांगावे, मग लक्ष कुठे सुटले ते सांगावे, आणि लेखकाने सर्वांत शेवटी बोलावे. ‘मी असतो तर असे लिहिले असते’ हे वाक्य बैठकीत पूर्णपणे बंद असावे, कारण त्या वाक्यानंतर चर्चा संहितेवर राहत नाही, बोलणाऱ्यावर जाते. निवड मात्र मतदानाने करू नये. दोन दिवसांत, दोन ठिकाणी, चार नटांत होऊ शकेल अशीच संहिता घ्यावी, मग तिच्याहून सरस संहिता बाजूला ठेवावी लागली तरी चालेल. गटाला प्रथम पूर्ण करण्याची सवय लागली पाहिजे.

रंगमंचावरून कॅमेऱ्यासमोर

आपल्याकडचा नट बहुधा रंगमंचावरून येतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची त्याची तयारी कॅमेऱ्यासमोर त्याच्याच आड येते. यावर व्याख्याने देऊन फारसे काही साधत नाही. त्याला त्याचे काम लगेच पाहू द्यावे लागते. एक पानी, दोन पात्रांचा प्रसंग घ्यावा. तोच प्रसंग आधी दुरून, मग कमरेपर्यंतच्या चौकटीत आणि शेवटी केवळ चेहऱ्यावर चित्रित करावा, आणि तिन्ही तुकडे त्याच दुपारी टीव्हीच्या पडद्यावर लावून दाखवावेत. पहिल्या तुकड्यात शोभणारी भुवयांची हालचाल तिसऱ्यात किती मोठी दिसते हे नटाला स्वतःच्या डोळ्यांनी कळते आणि पुढे कोणी सांगावे लागत नाही. आवाजासाठी एकच सूचना पुरते : समोरचे पात्र दोन फुटांवर असेल तर दोन फुटांवर पोहोचेल इतकेच बोलावे, बाकी माइकवर सोडावे.

दुसरा सराव सातत्याचा. चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, मान कोणत्या शब्दावर वळली, हे प्रत्येक टेकमध्ये तसेच आले नाही तर संकलकाला दोन शॉट जोडता येत नाहीत. म्हणून या सरावाच्या वेळी संकलकाला नटांसमोर बसवून त्याच दिवशी प्रसंग कापायला लावावे. आपल्या एका विसरलेल्या हालचालीमुळे आपलाच सर्वांत चांगला टेक बाद होताना पाहिलेला नट पुढे फार सावध होतो. तिसरा सराव नजरेचा. समोरचे पात्र चौकटीत नसताना लेन्सच्या किती जवळ पाहायचे, जमिनीवरच्या खुणेवर खाली न बघता कसे थांबायचे, हे रोजच्या सरावानेच येते.

भाषेबद्दल आग्रहाने सांगावेसे वाटते. कॅमेरा सुरू झाला की कोल्हापूर, सांगली, बेळगावकडची मुले आपली बोली सोडून मालिकांमधली मराठी बोलू लागतात आणि अभिनय तिथेच आखडतो. पात्र शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याचे असेल तर हेल, शिव्या, लाडाची हाक सगळे तिथलेच असले पाहिजे, आणि लेखनाच्या टप्प्यावरच त्या भागातल्या सदस्याकडून संवाद तपासून घेतले पाहिजेत.

याच कार्यशाळेत ऑडिशनचा व्हिडिओ घरच्या घरी कसा करावा हे शिकवावे, कारण मुंबई-पुण्याच्या कामांची पहिली पायरी आता तीच झाली आहे. फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर, खिडकीचा उजेड समोरून, मागे साधी भिंत, समोरच्या पात्राचे संवाद वाचणारा लेन्सच्या अगदी बाजूला आणि नटाच्या आवाजापेक्षा हळू बोलणारा, एवढी पथ्ये पाळली तरी पुष्कळ फरक पडतो. आणि नवोदितांना हे वारंवार सांगावे, की भूमिका देण्याआधी नोंदणी, पोर्टफोलिओ किंवा ‘कार्ड’साठी पैसे मागणाऱ्या कोऑर्डिनेटरला (नट पुरवणाऱ्या मध्यस्थाला) उत्तर देऊ नये.

तंत्राची किमान तयारी

उपकरणांवर खर्च करायचाच झाला तर आधी माइकवर करावा. प्रेक्षक थोडे धूसर चित्र खपवून घेतो, न समजणारा संवाद खपवून घेत नाही. बूमवर, म्हणजे लांब दांड्यावर, बसवलेला एक दिशादर्शी माइक, कपड्याला लावायचे दोन छोटे लेपल माइक आणि वेगळा रेकॉर्डर एवढ्यावर लघुपट होतो. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावे, संवादाचे शिखर (आवाजाची सर्वांत मोठी पातळी) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे, आणि प्रत्येक ठिकाण सोडण्यापूर्वी सर्वांना गप्प उभे करून त्या जागेचा अर्धा मिनिट शांत आवाज नोंदवून घ्यावा. फ्रिज, पंखा आणि शेजारची पिठाची गिरणी यांचा बंदोबस्त रेकीच्या, म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीच्या, वेळीच करावा.

फोनवर चित्रण करणाऱ्यांना ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकताना दिसते, याचे कारण आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि फोन सहसा सेकंदाला ३० फ्रेम (चित्रे) व १/६० शटरवर (प्रत्येक चित्र टिपायला सेकंदाचा साठावा भाग) असतो. फ्रेम २५ आणि शटर १/५० केले की ही अडचण बहुतेक वेळा जाते. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रण सुमारे ४५ गीगाबाइट जागा घेते. त्या हिशेबाने हार्ड डिस्क आणाव्यात, रोजचे चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावे आणि त्या दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये.

चित्रणाचे दोन दिवस

आदल्या संध्याकाळपर्यंत सर्वांच्या हाती कॉलशीट असावी : कोणी, किती वाजता, कुठे यायचे, कोणता प्रसंग आधी, जेवण किती वाजता, जवळचे रुग्णालय कोणते. कामाचा दिवस दहा तासांचा ठेवावा. मोबदला नसलेल्या कामात वेळेवर आणि पोटभर जेवण देणे ही किमान जबाबदारी आहे आणि ती चित्रणाच्या खर्चात पहिल्या ओळीवर लिहावी.

रंकाळ्याचा काठ, भाजी मंडई, रस्ता अशा सार्वजनिक ठिकाणी महानगरपालिकेची आणि स्थानिक पोलिसांची परवानगी घ्यावी. पन्हाळ्यासारख्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी लागते. मोरेवाडीच्या चित्रनगरीचा विचार गटाकडे थोडा निधी जमल्यावर करावा. पहिल्या फेऱ्यांसाठी सदस्यांची घरे, शेते आणि दुकाने उत्तम.

संहितेत लहान मूल असेल तर बालकामगारविषयक कायदा आणि त्याचे नियम पाळावे लागतात. निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या मानधनातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावी लागते. छोटासा लघुपट आहे म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

लेखी काय हवे

गट फुटतात ते पहिला लघुपट एखाद्या महोत्सवात निवडला गेल्यावर. तोवर चित्रपट कोणाचा हा प्रश्न कोणाला पडलेला नसतो. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा पहिला मालक निर्माता असतो. पण सर्वांनी श्रम दिले, एकाने कॅमेरा दिला आणि दुसऱ्याने जेवणाचा खर्च केला, अशा कामात निर्माता कोण, हे चित्रणापूर्वी ठरले नसेल तर नंतर ठरत नाही. म्हणून पहिल्या दिवशी कॅमेरा सुरू होण्याआधी एक पानी मराठी करारनाम्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. निर्माता कोण, संहितेचे हक्क लेखकाने किती काळासाठी आणि कशासाठी दिले, श्रेयनामावलीत कोणाचे नाव कसे येईल, पुरस्काराची रक्कम कशी वाटली जाईल, चित्रपट यूट्यूबवर कधी आणि कोणाच्या वाहिनीवर जाईल आणि नटाला आपल्या कामाचे तुकडे स्वतःच्या शो-रीलसाठी (निवडक कामाच्या चित्रफितीसाठी) केव्हा मिळतील, एवढे त्यात असावे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी नसेल तर कायद्याने ते ग्राह्य धरले जात नाही. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. शो-रीलचा मुद्दा विसरू नये, कारण विनामोबदला काम करणाऱ्या नटाची खरी कमाई तीच असते.

संगीतासाठी प्रसिद्ध गाण्यांना हात लावू नये. शहरात पेटी, हलगी वाजवणारे उत्तम कलाकार आहेत. त्यांच्याकडून नवे संगीत करून घ्यावे आणि त्यांचीही लेखी संमती घ्यावी.

सुरक्षितता

जवळिकीचा, मारहाणीचा किंवा अंगप्रदर्शनाचा कोणताही प्रसंग चित्रणाच्या ठिकाणी सुचला म्हणून करू नये. तो संहितेत लिहिलेला असावा, नटीने आणि नटाने आधी वाचून मान्य केलेला असावा, त्याची तालीम तिसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीत झालेली असावी आणि आयत्या वेळी नकार दिला तर तो प्रश्न न विचारता स्वीकारावा. ऑडिशन कोणाच्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीत घेऊ नये. तक्रार ऐकण्यासाठी दोन व्यक्ती नेमाव्यात, त्यांपैकी किमान एक स्त्री असावी आणि दोघांपैकी कोणीही गटाचा प्रमुख नसावा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येतात. त्या समितीचा पत्ता बैठकीच्या जागी भिंतीवर लावून ठेवावा. मुलींना सुरक्षित वाटत नसेल त्या गटात उरलेल्या कोणत्याही नियमाला अर्थ राहत नाही.

दाखवणे आणि पाठवणे

पहिला खेळ सदस्य आणि त्यांच्या घरच्यांसाठी ठेवावा. आई-वडिलांनी मुलीचे काम मोठ्या पडद्यावर पाहिले, सोबतची माणसे पाहिली, की पुढच्या चित्रणाला तिला पाठवताना त्यांच्या मनात शंका राहत नाही. चित्रपटगृहात तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा असेल तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, हे ध्यानात घेऊन तारीख ठरवावी.

महोत्सवांना चित्रपट पाठवताना प्रवेश शुल्काचा मोह आवरावा. पैसे भरले की प्रत्येकाला प्रशस्तिपत्र देणारे महोत्सव असतात आणि निवडीची खूण म्हणून छापल्या जाणाऱ्या त्यांच्या पानांच्या नक्षीने पोस्टर भरून काही मिळत नाही. वर्षाला चार-पाच महोत्सव निवडावेत, तिथे मागील वर्षी कोणते चित्रपट दाखवले गेले ते पाहावे आणि इंग्रजी उपशीर्षके एखाद्या चांगल्या भाषांतरकाराकडून करून घ्यावीत. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ पासून गोव्यात भरतो. गटाने दरवर्षी दोन सदस्यांना प्रवासखर्च देऊन पणजीला पाठवावे आणि परतल्यावर त्यांनी काय पाहिले, कोणाशी बोलले, हे बैठकीत सविस्तर सांगावे. पुण्याला फिल्म अर्काइव्ह आणि फिल्म इन्स्टिट्यूट जवळ आहेत; त्यांच्या रसास्वाद अभ्यासक्रमाला जाऊन आलेला एक सदस्य गटाचे चित्रपट पाहणे कायमचे बदलून टाकतो. बाहेरून मार्गदर्शक बोलावताना फक्त प्रसिद्ध चेहऱ्यांच्या मागे लागू नये. सहायक दिग्दर्शक, फोकस ओढणारा (चित्र स्पष्ट ठेवणारा कॅमेरा सहायक), मालिकेचा संकलक यांच्याकडून एका दुपारी जितके शिकायला मिळते तितके सत्कार-समारंभातून मिळत नाही, आणि त्यांना मानधन द्यावे.

नोंदणी आणि पुढची माणसे

पहिल्या वर्षी संस्था नोंदवू नये. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, माणसे टिकली, की मग १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांसह आणि महाराष्ट्राच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी करावी. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण येते, म्हणून सदस्यांत हिशेब जाणणारा एक माणूस आधीच हवा. नोंदणी होईपर्यंत पैसे दोन सदस्यांच्या संयुक्त खात्यात ठेवावेत.

समन्वयकाची मुदत एक वर्षाची असावी आणि त्या वर्षात त्याने स्वतःचा लघुपट गटाच्या आवर्तनात घेऊ नये. दुसऱ्या सहामाहीत नव्या समन्वयकाला सोबत बसवावे. सूत्रे देताना हार्ड डिस्क, माइक आणि केबलची यादी, ईमेल आणि यूट्यूब वाहिनीचे पासवर्ड, सह्या झालेले सर्व करारनामे आणि जमाखर्चाची वही दोघांनी समोरासमोर बसून तपासावी, यादीवर दोघांनी सह्या कराव्यात आणि तिची एक प्रत तिसऱ्या सदस्याकडे ठेवावी.